रेणूवर माउस थांबतो तेव्हा: थ्रीडीमोलमधलं होव्हर नीट चालवताना

थ्रीडीमोल या जावास्क्रिप्ट लायब्ररीने वेबपानात हिमोग्लोबिनचा त्रिमितीय रेणू बसवलाय आणि माउस ज्या अमिनो आम्लावर जाईल त्याचं नाव दिसावं, एवढीच अपेक्षा आहे. काम अर्ध्या तासाचं वाटतं. मग नाव दिसतं पण जात नाही, किंवा शेजारच्याच अणूचं दिसतं, किंवा दिसतच नाही आणि कन्सोलवर लाल ओळ एकही नसते. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: होव्हर, म्हणजे माउस एखाद्या गोष्टीवर थांबणं, हा ब्राउझरने दिलेला इव्हेंट आहे असं धरून कोड लिहिलेला असतो. तो तसा नाही.

ब्राउझरच्या लेखी अख्खा रेणू म्हणजे एक कॅनव्हास, चित्राचा एकच चौकोन. त्यात अणू आहेत, साखळ्या आहेत हे त्याला ठाऊकच नाही. म्हणून सीएसएसचं होव्हर इथे उपयोगाचं नाही. ब्राउझर फक्त एवढंच कळवतो की माउस अमुक पिक्सेलवर हलला. त्या पिक्सेलखाली कोणता अणू आहे हे लायब्ररीला स्वतः शोधावं लागतं आणि माउस ‘थांबला’ असं कधी म्हणायचं तेही तीच ठरवते. थोडी भूमिती आणि एक टायमर, इतकाच हा मामला. एकदा हे डोक्यात बसलं की पुढची प्रत्येक चूक कुठून येते ते लगेच दिसतं.

उदाहरणासाठी थ्रीडीमोल.जेएस घेऊ. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या डेव्हिड कोस यांच्या गटाने केलेली, २०१५ मध्ये शोधनिबंधातून मांडलेली आणि मुक्त परवान्याची ही लायब्ररी आहे. रेणू घेऊ ४एचएचबी (हा प्रथिनांच्या डेटाबँकेतला त्याचा क्रमांक), म्हणजे मानवी डीऑक्सिहिमोग्लोबिन. चार साखळ्या, ५७४ अमिनो आम्लं, चार हीम (ऑक्सिजन धरणारे लोहयुक्त गट) आणि फाइलमध्ये एकूण ४७७९ अणू. फंक्शनांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, मधल्या शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल ठेवून टाइप करायची.

अणू शोधायचे दोन मार्ग

पहिला मार्ग किरणाचा. माउसच्या पिक्सेलमधून दृश्यात एक काल्पनिक रेषा सोडायची आणि ती कोणकोणत्या आकारांना छेदते ते बघायचं. सर्वांत पुढचा आकार तो आपला अणू. थ्रीडीमोल हेच करते. दुसरा मार्ग रंगाचा. दृश्याची एक प्रत पडद्याआड रंगवायची, त्यात प्रत्येक वस्तूला वेगळा रंग द्यायचा आणि माउसखालच्या पिक्सेलचा रंग वाचायचा. लाल, हिरवा, निळा प्रत्येकी ८ बिट धरले तर १,६७,७७,२१६ रंग होतात, म्हणजे तेवढ्या वस्तू ओळखता येतात. एनजीएल आणि मोलस्टार या दुसऱ्या दोन रेणू-लायब्ररी या वाटेने जातात. त्या पडद्याआडच्या चित्रात कडा गुळगुळीत करून चालत नाही, कारण दोन रंगांच्या मिश्रणातून तिसऱ्याच कुठल्या तरी अणूचा क्रमांक तयार होईल.

फरक नुसता तात्त्विक नाही. रंगाच्या पद्धतीत जे दिसतं तेच सापडतं. किरणाच्या पद्धतीत फक्त तुम्ही आधी जाहीर केलेले अणू सापडतात आणि बाकीचे किरणाला अडवतसुद्धा नाहीत. फक्त हीम होव्हरला लावले असतील, तर पुढे फितीच्या रूपात दाखवलेलं प्रथिन आडवं असूनही मागचा हीम ‘लागतो’. वरून अपारदर्शक पृष्ठभाग चढवला तरी तीच गत: आतला, न दिसणारा अणू आपलं नाव सांगतो आणि बघणारा गोंधळतो. पृष्ठभाग दाखवत असाल तेवढा वेळ होव्हर बंद ठेवणं हा सरळ उपाय. उलट बाजूने हाच गुण कामालाही येतो. फितींच्या गर्दीतून नेमका हीम पकडायला यासारखं सोपं काही नाही.

क्रम चुकला की सगळं चुकतं

ज्या डब्यात रेणू बसवायचा त्या डिव्हला रुंदी, उंची आणि पोझिशन रिलेटिव्ह, तिन्ही द्या. पोझिशन विसरलात तर कॅनव्हास पानाच्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसू शकतो. उंची विसरलात तर काहीच दिसत नाही.

रेणूची फाइल शक्यतो स्वतःच्या सर्व्हरवर पीडीबी या साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवा आणि मजकूर आला की ॲडमॉडेलला द्या. बाहेरून थेट उतरवायची सोय आहे, पण ती वापरली की कोणत्या स्वरूपात फाइल आली आणि साखळ्यांची नावं कोणत्या पद्धतीची मिळाली हे आपल्या हातात राहत नाही. त्याबद्दल पुढे येईलच.

मग क्रम असा: मॉडेल चढवणं, सेटस्टाइल, सेटहोव्हरेबल, झूमटू आणि शेवटी रेंडर, म्हणजे दृश्य रंगवणं. सेटहोव्हरेबल ज्या क्षणी बोलावाल त्या क्षणी हजर असलेल्या अणूंनाच ते लागू होतं. फाइल अजून रस्त्यात असताना बोलावलंत तर ते शून्य अणूंना लागू होतं आणि तक्रारही करत नाही. नंतर दुसरं मॉडेल चढवलंत तर त्याच्यासाठी पुन्हा बोलावावं लागतं. शेवटच्या रेंडरचं कारण वेगळं आहे. किरण ज्यांना छेदतो ते गोल, दंडगोल आणि त्रिकोण रेंडरच्या वेळी भूमिती बांधताना तयार होतात. सेटहोव्हरेबलनंतर रेंडर राहिलं तर कागदोपत्री अणू होव्हरेबल असतो, पण किरणाला लागायला तिथे काहीच नसतं.

स्टाइल न दिलेला, म्हणजे लपवलेला अणूही याच कारणाने कधी लागत नाही. आणि आकार दिसतो तेवढाच तो लागतो: काडीची त्रिज्या मूळची ०.२५ अँगस्ट्रॉम असते, ती बारीक करून ०.१ केलीत तर चित्र नाजूक दिसेल, पण माउस बरोबर नेताना विद्यार्थ्यांचा जीव मेटाकुटीला येईल.

कोणते अणू लावायचे

रिकामी निवड दिली तर ४७७९ अणू सगळेच लागतात. त्यातले २२१ पाण्याचे ऑक्सिजन. त्यांच्यावर ‘पाणी, पाणी, पाणी’ असं वाचण्यात कोणाला रस नाही आणि प्रत्येक तपासणीत लायब्ररीला सगळी यादी चाळावी लागते, ते वेगळंच.

प्रथिन फितीच्या, म्हणजे कार्टूनच्या रूपात दाखवणार असाल तर एक गोष्ट फार सोयीची आहे. फितीचे त्रिकोण त्या-त्या अमिनो आम्लाच्या अल्फा कार्बनच्या, म्हणजे मधल्या कार्बनच्या, नावावर जमा असतात. म्हणून अणूचं नाव ‘सीए’ असलेले तेवढेच लावले की पुरे. हीम काड्यांच्या रूपात ठेवून त्याचे सगळे अणू लावायचे. हिशेब: ५७४ अल्फा कार्बन, अधिक चार हीमचे प्रत्येकी ४३ म्हणजे १७२, एकूण ७४६. सहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी यादी, आणि दिसायला काहीही कमी नाही. कॅल्शियम असलेल्या रेणूत मात्र जपा. पीडीबी फाइलमध्ये कॅल्शियमच्या अणूचं नावही ‘सीए’च असतं, तेव्हा निवडीत हेटफ्लॅग (अणू प्रथिनाबाहेरचा आहे असं सांगणारी खूण) खोटा असल्याची अट घाला.

हेच आकडे तपासणीलाही वापरता येतात. सिलेक्टेडॲटम्सला तीच निवड देऊन लांबी छापा. अल्फा कार्बनला ५७४ आणि हीमला १७२ आलं पाहिजे. शून्य आलं तर फाइल यायच्या आधीच बोलावलंय किंवा निवडीत स्पेलिंग चुकलंय. आकडा बरोबर येऊनही कॉलबॅक, म्हणजे होव्हरला जोडलेलं फंक्शन, गप्प असेल तर रेंडर राहिलंय. निम्म्या वेळा प्रश्न इथेच सुटतो.

येताना एक, जाताना एक

सेटहोव्हरेबलला चार गोष्टी द्यायच्या: निवड, खरं की खोटं, माउस आल्यावरचं फंक्शन आणि गेल्यावरचं फंक्शन. पहिल्या फंक्शनला अणू, व्ह्यूअर, माउसचा इव्हेंट आणि डबा, असे चार घटक मिळतात. अणूवर सगळी माहिती असते: रेझएन म्हणजे अमिनो आम्लाचं तीन अक्षरी नाव, रेझआय म्हणजे क्रमांक, चेन, ॲटम, एलिमेंट, सिरियल, इंडेक्स आणि एक्स-वाय-झेड.

सगळीकडे दिसणारा नमुना असा: आल्यावर अणूवर लेबल नावाचा गुणधर्म नसेल तर ॲडलेबलने लेबल लावायचं आणि त्याचा संदर्भ अणूवरच ठेवायचा, गेल्यावर रिमूव्हलेबलने काढायचं आणि गुणधर्म पुसायचा. नमुना ठीक आहे, पण त्यात दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा रिमूव्हऑललेबल्सचा. पानावर ‘सगळं पुसा’ असं बटण आहे आणि ते दाबताना माउसखाली एक अणू होता (कळफलकाने दाबलं तर सहज होतं). पडद्यावरून लेबल गेलं, पण अणूवरचा गुणधर्म शिल्लक राहिला. आता त्या अणूचं अनहोव्हर (माउस गेल्यावरचं फंक्शन) काही कारणाने चालायचं राहिलं, तर पुढच्या वेळी ‘आधीच लेबल आहे’ असं समजून कोड गप्प बसतो आणि तेवढा एकच अणू कायमचा मुका होतो. दुसरा खड्डा क्लिकचा. क्लिक केल्यावर राहणारं लेबलही त्याच गुणधर्मात ठेवलंत तर माउस बाजूला नेताच अनहोव्हर तेही पुसून टाकतं.

म्हणून लेबलाचा संदर्भ अणूवर ठेवूच नये असं माझं मत आहे. एका वेळी माउस एकाच अणूवर असतो, तेव्हा ‘आत्ताचं लेबल’ असा एकच बाहेरचा चल पुरतो. येताना आधी जुनं काढा, मग नवं लावा. जाताना काढा आणि चल रिकामा करा. पुसण्याच्या बटणातही तोच चल रिकामा करा. क्लिकची लेबलं वेगळ्या यादीत.

वेळेचा हिशेब समजून घ्या, कारण तो दोन्ही बाजूंनी सारखा नाही. माउस हलला की लायब्ररी जुना टायमर रद्द करून नवा लावते. मूळ मुदत ५०० मिलिसेकंद. तेवढा वेळ माउस स्थिर राहिला तरच किरण सुटतो आणि आल्याचं फंक्शन चालतं. जाण्याची तपासणी मात्र माउस हलेल तसतशी लगेच होते. एका अणूवरून थेट दुसऱ्यावर गेलात तर आधी पहिल्याचं अनहोव्हर, मग दुसऱ्याचं होव्हर, हा क्रम पक्का आहे. अर्धा सेकंद शिकवण्याच्या पानाला जड वाटतो. सेटहोव्हरड्युरेशनने १०० ते १५० ठेवा. शून्य करायचा मोह टाळा, रेणूवरून माउस नुसता ओलांडतानाही लेबलांची फडफड होते.

यातून दोन फटी राहतात. माउस कॅनव्हासच्या बाहेर गेला की कॅनव्हासला हालचाल कळत नाही, त्यामुळे काठाजवळच्या अणूचं लेबल तसंच लटकत राहू शकतं. डब्यावर माउसलीव्ह ऐकून ‘आत्ताचं लेबल’ स्वतः काढा. एकदा जास्त काढलं म्हणून बिघडत नाही. दुसरी फट फिरत्या रेणूची. स्पिन चालू असताना माउस स्थिर असतो, पण त्याखालून रेणू सरकतो. हालचाल माउसची नसल्यामुळे जाण्याची तपासणी होतच नाही आणि लेबल अणूबरोबर गोल फिरत जातं. माउसएंटरला स्पिन बंद, माउसलीव्हला चालू, एवढं केलं की झालं. जेएसमोल या जुन्या लायब्ररीने हा निर्णय आपल्यासाठी घेऊन टाकलाय: रेणू फिरत असेल तर तिथे होव्हर होतच नाही. ‘जेएसमोलचं होव्हर चालत नाही’ असं वाटलं तर आधी स्पिन बघा.

उजळवायचं कसं

नावासोबत अमिनो आम्ल उजळावं असं वाटतं आणि हात आपोआप सेटस्टाइलकडे जातो. नका करू. स्टाइल बदलली की त्या मॉडेलची भूमिती पुन्हा बांधावी लागते. एका हिस्टिडीनचा रंग बदलायला चारही साखळ्यांच्या फिती नव्याने विणल्या जातात. लॅपटॉपवर हे खपून जाईल, कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या संगणकावर माउस रखडायला लागेल.

त्याऐवजी अणूच्या जागी एक अर्धपारदर्शक गोल ठेवा: ॲडस्फिअर, केंद्र अणूचे एक्स-वाय-झेड, त्रिज्या १.५ अँगस्ट्रॉम, अपारदर्शकता ०.५. परत मिळालेला संदर्भ चलात ठेवा, जाताना रिमूव्हशेपने काढा. दोन्हीनंतर रेंडर हवं. मूळ मॉडेलला हात लागत नाही म्हणून हे झटपट होतं.

अठ्ठावन्न नंबर कोणता?

आता ज्या चुकीत आकडे खरे दिसतात पण उत्तर चुकतं ती. पानावर रेणूशेजारी अमिनो आम्लांच्या अनुक्रमाची पट्टी आहे. रेणूत ज्यावर माउस जाईल ते पट्टीत उजळावं. कोड लिहिणारा रेझआय घेतो आणि पट्टीत ५८वं अक्षर शोधतो. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीत ५८ म्हणजे हिस्टिडीन, हीमच्या ऑक्सिजनच्या बाजूचा प्रसिद्ध ‘डिस्टल’ हिस्टिडीन. बीटा साखळीत ५८ म्हणजे प्रोलीन. तिथला डिस्टल हिस्टिडीन ६३ वर आहे, आणि अल्फात ६३ वर ॲलॅनीन. निवड करताना नुसतं ‘रेझआय ५८’ लिहिलंत तर चारही साखळ्यांमधून एकेक, म्हणजे दोन हिस्टिडीन आणि दोन प्रोलीन उजळतात. विद्यार्थी ते खरंच समजून वहीत उतरवतात.

ओळख म्हणजे साखळी आणि क्रमांक मिळून. काही रेणूंत तेवढ्यानेही भागत नाही. प्रतिपिंडांच्या फाइलींमध्ये १००, १००ए, १००बी असे मध्ये घुसवलेले क्रमांक असतात. तिथे आयकोड, म्हणजे क्रमांकामागचं ते अक्षर, धरावाच लागतो. एनएमआर पद्धतीच्या फाइलीत एकाच रेणूची अनेक मॉडेलं असतात, तिथे मॉडेलचा क्रमांकही. पट्टीसाठी किल्ली बनवताना साखळी, क्रमांक, आयकोड अशी जोडओळ करा आणि तीच दोन्हीकडे वापरा.

सिरियल आणि इंडेक्स यांची गल्लत ही याची चुलत बहीण. इंडेक्स शून्यापासून सलग चालतो. सिरियल फाइलमधला असतो, आणि पीडीबी स्वरूपात साखळी संपल्याची टर्मिनेटर ओळही एक क्रमांक खाते. ४एचएचबीत ए साखळीचे अणू १ ते १०६९, मग १०७० ही टर्मिनेटर ओळ आणि बी साखळीचा पहिला अणू १०७१. त्याचा इंडेक्स मात्र १०६९. ‘सिरियल वजा एक म्हणजे इंडेक्स’ असं गृहीत धरलेला कोड ए साखळीत अचूक चालतो, बीमध्ये एकाने, सीमध्ये दोनाने, डीमध्ये तीनाने चुकतो. चाचणी नेहमी शेवटच्या साखळीवर करा, पहिल्या नाही.

फाइल एमएमसीआयएफ या डेटाबँकेच्या नव्या स्वरूपातली असेल तर साखळीला दोन नावं असतात: संशोधकांनी दिलेलं आणि डेटाबँकेने पद्धतशीर लावलेलं. ४एचएचबीत प्रथिनांपुरती दोन्ही जुळतात. ए साखळीच्या हीमवर गेलात की पहिल्या पद्धतीत तो ए साखळीतला असतो, दुसऱ्या पद्धतीत त्याची स्वतःची वेगळी साखळी असते, कारण तो वेगळा रेणू. मोलस्टारमध्ये या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नावांनी मिळतात. पाठ्यपुस्तकातला क्रमांक हवा असेल तर ‘ऑथ’ने सुरू होणारी नावं घ्या.

ओळख अशी पक्की असली की होव्हरला खरी किंमत येते. बी किंवा डी साखळीतल्या ६व्या क्रमांकावर माउस आला की नुसतं ‘ग्लुटामिक आम्ल, ६’ न दाखवता ‘सिकलसेलमध्ये इथे व्हॅलीन येतं’ एवढी ओळ जोडता येते. नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या कॉलेजात हे पान उघडणार असेल तर तीच ओळ सगळ्यांत जास्त वाचली जाईल.

मराठी मजकूर आणि स्वतःचा टूलटिप

थ्रीडीमोलचं लेबल म्हणजे मजकुराचं चित्र. आधी तो लहान कॅनव्हासवर रंगवला जातो, मग ते चित्र दृश्यात चिकटवलं जातं. देवनागरी त्यात उमटते, जोडाक्षरंही नीट येतात. पण पानाचा वेबफाँट उतरायच्या आत लेबल तयार झालं तर पर्यायी फाँट छापला जातो आणि तो नंतर आपोआप बदलत नाही. शिवाय कॅनव्हासवरचा मजकूर स्वतःहून ओळ मोडत नाही. ‘हिस्टिडीन ५८, अल्फा साखळी, डिस्टल’ एवढं लिहायचं असेल तर साधा एचटीएमएलचा डिव्ह टूलटिप म्हणून वापरा. मजकूर त्यात घाला, दाखवा, लपवा. तीन अक्षरी नावांवरून मराठी नावं काढायला वीस नोंदींचा तक्ता पुरतो, हीम आणि पाणी धरून बावीस.

या डिव्हला पॉइंटर-इव्हेंट्स नन दिलंच पाहिजे. नाही दिलं तर काय होतं ते संथ गतीत बघा: टूलटिप उगवतो तो माउसखालीच, त्यामुळे माउस कॅनव्हासवर नसून टूलटिपवर असतो, डब्यावरच्या माउसलीव्हला वाटतं माउस गेला, टूलटिप लपतो, माउस पुन्हा कॅनव्हासवर येतो, टूलटिप उगवतो. पडद्यावर हे दिव्याच्या लुकलुकण्यासारखं दिसतं आणि लोक टायमरमध्ये दोष शोधत बसतात. माउसपासून १२ पिक्सेल बाजूला ठेवल्याने ते कमी होतं, जात नाही.

जागा ठरवताना पोझिशन फिक्स्ड असेल तर इव्हेंटचे क्लायंट-एक्स आणि क्लायंट-वाय, बॉडीत ॲब्सोल्यूट असेल तर पेज-एक्स आणि पेज-वाय. यांची सरमिसळ केली तर पान वर असेपर्यंत सगळं ठीक दिसतं आणि स्क्रोल केलं की टूलटिप तितकाच घसरतो.

बाजूचाच अणू का लागतो

माउस एका अणूवर आणि नाव दुसऱ्याचं, असं झालं तर तीन जागी तपासा: डब्याचा वरचा डावा कोपरा, मध्य, खालचा उजवा कोपरा. तिन्हीकडे चूक सारखीच असेल तर पॅडिंग, बॉर्डर किंवा स्क्रोलचा हिशेब चुकतोय. वरच्या डाव्या कोपऱ्यात अचूक आणि पुढे चूक वाढत जात असेल तर मोजमाप चुकतंय: डब्याचा आकार बदललाय पण व्ह्यूअरला सांगितलेलं नाही, किंवा बाहेरच्या कोणत्या तरी घटकाला सीएसएसचं ट्रान्सफॉर्म स्केल लावलंय. ब्राउझरवर चालणाऱ्या स्लाइडशोमध्ये हे हमखास होतं, कारण स्लाइड पडद्यात बसवायला ती स्केल केली जाते. डब्याची मांडणीतली रुंदी ८०० आणि पडद्यावरची ६०० असेल, तर माउस ६०० च्या मापात मोजला जातो आणि भागाकार ८०० ने होतो. उपाय एकच, स्केल होणाऱ्या घटकाच्या आत रेणू ठेवू नका. रेणू आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या वेगळ्या चौकटीत घाला आणि ती चौकट त्या घटकाच्या बाहेर ठेवून वर आणा.

आकार बदलला असेल तर रिसाइझ आणि रेंडर. टॅब किंवा ॲकॉर्डियनच्या आत लपवलेला डबा सुरुवातीला शून्य मापाचा असतो. तो उघडल्यावर रिसाइझ बोलावणं विसरू नका.

आणि एका पानावर वीसेक रेणू असतील तर? डेस्कटॉपवरचा क्रोम साधारण १६ वेबजीएल संदर्भ (प्रत्येक त्रिमितीय कॅनव्हासला एक लागतो) एका वेळी जिवंत ठेवतो. पुढचे आले की सर्वांत जुने मारतो. वरचे रेणू कोरे पडतात किंवा शेवटचं चित्र गोठतं आणि होव्हर मेल्यासारखं वाटतं. अशा पानाला क्रिएटव्ह्यूअरग्रिड वापरा, एकाच कॅनव्हासवर अनेक खिडक्या मिळतात.

इतर लायब्ररींकडे जाताना

एनजीएलमध्ये स्टेजच्या सिग्नल्समधल्या होव्हर्डला फंक्शन जोडायचं. अनहोव्हर वेगळं नाही. माउसखाली काही नसेल तर त्याच फंक्शनला रिकामं मूल्य मिळतं, तेव्हा लपवायचं. तिचा स्वतःचा टूलटिप आधीपासून चालू असतो, तो बंद केला नाही तर दोन-दोन दिसतात. मोलस्टारमध्ये होव्हरच्या प्रवाहाला सबस्क्राइब करावं लागतं आणि मोकळ्या जागेवर ‘रिकामी लोसाय’, म्हणजे काहीच न सापडल्याची खूण, येते. मूळ रचनेत ती अख्खं अमिनो आम्ल धरते, एकेक अणू हवा असेल तर ग्रॅन्युलॅरिटी बदला. एकपानी ॲपमध्ये घटक काढताना अनसबस्क्राइब केलं नाही तर पान मागेपुढे करताना एकाच होव्हरला फंक्शन दोनदा, तीनदा चालतं. लाखभर अणूंचा रायबोसोम दाखवायचा असेल तर मात्र थ्रीडीमोलशी झुंजू नका, मोलस्टारच घ्या.

जेएसमोलमध्ये होव्हरकॉलबॅकला फंक्शन नाही, फंक्शनाचं नाव अवतरणचिन्हांत द्यायचं असतं. ते नाव जागतिक पातळीवर सापडलं पाहिजे. मॉड्यूलच्या आत लिहिलेलं फंक्शन त्याला दिसत नाही आणि नेहमीप्रमाणे तक्रारही येत नाही. विंडोवर मुद्दाम चिकटवा. होव्हरडिलेचं एकक तिथे सेकंद आहे, मिलिसेकंद नव्हे: ०.५ मूळ. सवयीने १५० लिहिलंत तर अडीच मिनिटं वाट बघाल.

पायथ्री­डीमोल (थ्रीडीमोलची पायथनमधून वापरायची आवृत्ती) वापरून नोटबुकात करत असाल तर दोन्ही कॉलबॅक जावास्क्रिप्टच्या मजकुराच्या रूपात द्यावे लागतात. पायथनचं फंक्शन तिथे जात नाही, कारण ते ब्राउझरमध्ये चालणार असतं. त्यात पायथनमधला नावांचा तक्ता घालायला एफ-स्ट्रिंग वापरलीत तर जावास्क्रिप्टचा प्रत्येक महिरपी कंस दुहेरी करावा लागतो. एक राहिला की पायथन बिघडतं. त्यापेक्षा साधी स्ट्रिंग ठेवून तक्ता जेसनमध्ये करून रिप्लेसने घाला.

फोनवर

फोनला होव्हर नसतं, आणि विद्यार्थी पान बहुतेक फोनवरच उघडणार. म्हणून माहिती दाखवणारं एकच फंक्शन लिहा आणि ते सेटहोव्हरेबल व सेटक्लिकेबल दोन्हींना द्या. मॅचमीडियाने ‘होव्हर नन’ विचारून फोन ओळखता येतो. तिथे टूलटिप बोटाखाली झाकला जातो, तेव्हा मजकूर रेणूखालच्या ठरलेल्या ओळीत दाखवा. त्या ओळीची उंची आधीच राखून ठेवा, नाहीतर पहिल्याच टॅपला ओळ उगवेल, खालचं सगळं पान उडी मारेल आणि दुसरा टॅप भलत्याच ठिकाणी लागेल.